जनावरांच्या रक्तातील कॅल्शियम का वाढते? कारणे, लक्षणे आणि निदान

नुकतीच व्यालेली गाय मान पोटाकडे वळवून बसली, कान गार पडले, की कॅल्शियम कमी झाले हे आता बहुतेक दूध उत्पादकांच्या लगेच लक्षात येते. दुग्धज्वराची ही ओळख फायद्याची ठरली आहे. वेळेवर कॅल्शियम मिळाल्याने बसलेली गाय उठून उभी राहताना अनेकांनी पाहिली आहे. मात्र याच अनुभवातून एक चुकीची समजूतही रुजली आहे. कॅल्शियम म्हणजे ताकद, थोडे जास्त गेले तर काय बिघडते, असे अनेकजण समजतात.

काही वर्षांपूर्वी चारापीक पाहण्यासाठी मी एका शेतावर गेलो होतो. तेथे दोन दिवसांपूर्वी व्यालेली गाय मलूल उभी होती, खाणे कमी झाले होते. कोणीतरी सवयीने कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली आणि लवकर आटोपावे म्हणून नळी पूर्ण सोडली. बाटली संपण्याआधीच गाय थरथरली, कोसळली आणि पुन्हा उठली नाही. नंतर आलेल्या पशुवैद्यकांनी कास तपासली. एक सड दगडासारखा घट्ट होता आणि त्यातून पाण्यासारखे दूध येत होते. गायीला तीव्र कासदाह होता. दिलेला उपचार दुसऱ्याच आजाराचा होता.

माझे शिक्षण कृषी शाखेचे आहे. जनावरावर उपचार कोणता करायचा हे पशुवैद्यकानेच ठरवायचे असते. परंतु चारा, खनिज मिश्रण, बांधावरची झाडे आणि गोठ्यातील सवयी या बाजूने पाहिले, तर गाई-म्हशींमध्ये रक्तातील कॅल्शियम वाढण्याची बरीचशी कारणे आपल्याच हातातील असतात. कुत्रा, मांजर, घोडा या प्राण्यांत कारणे वेगळी असतात आणि त्यामागे एखादा मोठा आजार लपलेला असू शकतो. म्हणून रक्तातील कॅल्शियम वाढलेले आढळले, तर ती एक खूण समजावी आणि कारण शोधावे.

रक्तातील कॅल्शियमचा हिशेब

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडे आणि दातांत असते. रक्तात फिरणारे कॅल्शियम अगदी थोडे असते. ५०० ते ६०० किलो वजनाच्या गायीच्या रक्तद्रवात एका वेळी साधारण ३ ग्रॅम कॅल्शियम असते. दुग्धज्वरासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम बोरोग्लुकोनेटच्या एका मोठ्या बाटलीत मात्र सुमारे ८ ते ११ ग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे रक्तात असलेल्या साठ्याच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम आपण काही मिनिटांत आत सोडतो. हा हिशेब लक्षात ठेवला, तर बाटली हळू का द्यायची हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या बाजूला गायीची गरजही मोठी असते. १० लिटर चिकातून सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. हा तोल सांभाळण्याचे काम मुख्यतः तीन घटक करतात.

- पॅराथायरॉइड संप्रेरक (पीटीएच): मानेतील लहान ग्रंथींतून स्रवते. रक्तातील कॅल्शियम कमी झाले की हाडांतून कॅल्शियम सोडवते आणि मूत्रपिंडातून वाया जाऊ देत नाही.
- सक्रिय ड जीवनसत्त्व (कॅल्सिट्रिऑल): आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस शोषून घेण्यास मदत करते.
- कॅल्सिटोनिन: थायरॉइड ग्रंथीत तयार होते. कॅल्शियम वाढल्यास ते खाली आणण्यास मदत करते.

रक्तातील कॅल्शियम तीन रूपांत असते. सुमारे निम्मे मुक्त (आयनयुक्त), साधारण ४० टक्के प्रथिनांना चिकटलेले आणि उरलेले इतर क्षारांशी जोडलेले असते. हृदय, स्नायू आणि मज्जातंतूंवर परिणाम करते ते फक्त मुक्त कॅल्शियम. निदानाच्या वेळी हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

किती म्हणजे जास्त?

रक्तजलातील एकूण कॅल्शियमचे साधारण प्रमाण (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) पुढीलप्रमाणे असते. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते, त्यामुळे अहवालावर छापलेली मर्यादा आधी पाहावी.

- गाय, म्हैस: ८.५ ते १०.५
- शेळी, मेंढी: ९ ते ११.५
- कुत्रा: ९ ते ११.५
- मांजर: ८.५ ते १०.५
- घोडा: ११ ते १३
- ससा: १३ ते १५
- अंडी देणारी कोंबडी: २० ते ३०

काही प्रयोगशाळा मिलिमोल प्रति लिटर या एककात आकडा देतात. त्याला ४ ने गुणले की मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर मिळते.

या यादीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. गायीत १३ हा आकडा धोक्याचा आहे, पण घोड्यात आणि सशात तोच सामान्य आहे. अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम वाहून नेणाऱ्या कोंबडीत तर २५ सुद्धा आजार नसतो. वाढीच्या वयातील पिल्लांतही प्रमाण थोडे जास्त असते. म्हणून जनावराची जात, वय आणि अवस्था पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून अर्थ काढू नये.

लक्षणे

सुरुवातीची लक्षणे साधी असतात, त्यामुळे अनेकदा दुर्लक्ष होते.

- तहान वाढते आणि लघवी वारंवार, पातळ होते. जास्त कॅल्शियममुळे मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमता कमी होते.
- भूक मंदावते, वजन घटते.
- गाई-म्हशींत पोटाची हालचाल मंदावते, रवंथ कमी होते, शेण घट्ट पडते. कुत्र्या-मांजरांत उलट्या आणि बद्धकोष्ठता दिसते.
- स्नायू अशक्त होतात, जनावर सुस्त पडून राहते.
- हृदयाचे ठोके अनियमित होतात. प्रमाण अचानक वाढल्यास हृदय बंद पडू शकते.
- बराच काळ प्रमाण जास्त राहिल्यास मूत्रपिंड, रक्तवाहिन्या, हृदय, फुफ्फुसे आणि सांध्यांभोवतीच्या शिरांत कॅल्शियम साचते. कुत्र्या-मांजरांत मूतखडेही होतात.

कॅल्शियमसोबत फॉस्फरसही वाढलेला असेल तर धोका जास्त असतो. दोन्हींच्या आकड्यांचा (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) गुणाकार ६० ते ७० च्या वर गेला, की मऊ अवयवांत क्षार साचण्याची शक्यता वाढते. मूत्रपिंडाचे असे नुकसान पूर्ण भरून येईलच असे नाही. उशीर महाग पडतो तो येथेच.

गाई-म्हशींमधील कारणे

*१. गरज नसताना किंवा घाईने दिलेले कॅल्शियम*

शिरेतून कॅल्शियम वेगाने दिल्यास मुक्त कॅल्शियम एकदम वाढते आणि थेट हृदयावर परिणाम होतो. कासदाह, गर्भाशयाचा दाह अशा आजारांत शरीरात विष भिनलेले असेल, तर हृदय आधीच कमकुवत झालेले असते. अशा जनावराला शिरेतील कॅल्शियम अधिक धोक्याचे ठरते. व्यायल्यानंतर बसलेली प्रत्येक गाय दुग्धज्वराचीच नसते. तीव्र कासदाह, फॉस्फरसची कमतरता, अवघड प्रसूतीत दबलेली नस, मोडलेले हाड यांमुळेही गाय बसते.

दुसरी बाब अधिक लक्ष देण्यासारखी आहे. दुग्धज्वर नसलेल्या, उभ्या असलेल्या गायीला ‘खबरदारी म्हणून’ शिरेतून बाटली दिली, तर रक्तातील कॅल्शियम काही तास सामान्यपेक्षा बरेच वर जाते. कॅल्शियम पुरेसे आहे असा संदेश मिळाल्याने पॅराथायरॉइड ग्रंथी काम थांबवतात. त्यानंतर कॅल्शियम पुन्हा घसरते आणि पुढच्या दिवशी बाटली न दिलेल्या गायीपेक्षाही खाली राहू शकते. ज्या आजारापासून वाचवायचे, त्याच दिशेने आपण गायीला ढकलतो. म्हणून उभ्या गायीला गरज असलीच तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तोंडावाटे कॅल्शियम देण्यावर भर असतो. बसलेल्या, अर्धवट शुद्धीतील गायीला मात्र तोंडावाटे काहीही पाजू नये. औषध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

*२. ड-३ जीवनसत्त्वाचा अतिरेक*

दुग्धज्वर टाळण्यासाठी व्यायच्या आधी ड-३ चे मोठ्या मात्रेचे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. ते एकदाच आणि व्यायच्या तारखेचा अंदाज घेऊन द्यायचे असते. गाय ठरल्या दिवशी व्यायली नाही म्हणून पुन्हा, मग आणखी एकदा, असे झाले तर ते विषासारखे काम करते. ड-३ चरबीत साठते, त्यामुळे परिणाम काही आठवडे टिकतो आणि हृदय व रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते.

एका वेळी कोणी एकच गोष्ट देते असेही नाही. पशुखाद्यात ड-३ असते, खनिज मिश्रणात असते, कॅल्शियमच्या पातळ टॉनिकमध्येही बहुधा असते आणि वरून इंजेक्शन दिले जाते. प्रत्येक बाटलीवरील घटक वाचून एकूण मात्रा काढणे आवश्यक आहे.

*३. ड जीवनसत्त्वासारखे काम करणाऱ्या वनस्पती*

हा भाग कृषी सल्लागार म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही वनस्पतींच्या पानांत सक्रिय ड जीवनसत्त्व तयार स्वरूपात असते. एरवी ड जीवनसत्त्व सक्रिय करायचे की नाही हे मूत्रपिंड गरजेनुसार ठरवते. या वनस्पती खाल्ल्यावर ते नियंत्रणच टळते. आतडे कॅल्शियम आणि फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त शोषत राहते.

अर्जेंटिनातील कुरणांमध्ये सोलॅनम ग्लॉकोफायलम या वांगी कुळातील झुडपामुळे गाई खंगतात. तेथे या आजाराला ‘एन्तेके सेको’ म्हणतात. युरोपात आल्प्स पर्वताच्या परिसरात ट्रायसेटम फ्लेव्हेसेन्स या गवतामुळे असाच आजार होतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घोडे लंगडू लागले, वजन घटू लागले आणि रक्तातील कॅल्शियम वाढलेले आढळले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा संबंध सेस्ट्रम डाययुर्नम या झुडपाशी जोडला गेला.

हे शेवटचे झुडूप आपल्याला अनोळखी नाही. रोपवाटिकेत ते ‘दिन का राजा’ या नावाने मिळते आणि कुंपणासाठी, बंगल्यांच्या व शेतघरांच्या आवारात लावले जाते. ते रातराणीच्याच गणातील आहे. ओळख पुढीलप्रमाणे पटवावी.

- सदाहरित झुडूप, पाने गुळगुळीत आणि चकचकीत.
- फुले लहान, पांढरी, नळीसारखी, झुपक्याने येणारी. सुवास दिवसा येतो.
- पिकलेली फळे लहान, काळी-जांभळी. रातराणीची फळे पांढरी असतात.

एकदा चार पाने खाल्ली म्हणून जनावर लगेच आजारी पडत नाही. रोज थोडी थोडी पाने पोटात गेल्यास काही आठवडे ते महिन्यांत परिणाम दिसतो. कुंपणाची छाटणी करून फांद्या गव्हाणीत टाकण्याची सवय असेल, किंवा टंचाईच्या दिवसांत शेळ्या-गाई कुंपणाचा पाला ओरबाडत असतील, तर धोका असतो. जनावर खाऊनही वाळत जाते, पाठीला पोक येतो, पावले आखडतात, पुढचे गुडघे किंचित वाकवून उभे राहते, कधी गुडघ्यावर टेकून चरते. सांधेदुखी समजून महिनोन् महिने वेदनाशामके दिली जातात आणि कुंपण तसेच राहते.

*४. चाऱ्यातील कॅल्शियम: एक गैरसमज*

लसूणघास, बरसीम यांसारख्या द्विदल चाऱ्यात गवतवर्गीय चाऱ्यापेक्षा कॅल्शियम बरेच जास्त असते. पण निरोगी गायीत केवळ असा चारा खाल्ल्याने रक्तातील कॅल्शियम वाढत नाही. आतडे गरजेपुरतेच शोषते, उरलेले शेणावाटे जाते. खाण्यातील जास्त आणि रक्तातील जास्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही आटवलेल्या गायीला भरपूर लसूणघास आणि कॅल्शियमचे टॉनिक देणे चुकीचे आहे. त्या काळात हाडांतून कॅल्शियम काढण्याची यंत्रणा सुस्त पडते. मग व्यायल्यावर एकदम मागणी वाढली की ती वेळेवर जागी होत नाही आणि दुग्धज्वर होतो.

इतर प्राण्यांतील कारणे

*कुत्रा:* कुत्र्यात टिकून राहणाऱ्या वाढीव कॅल्शियममागे कर्करोग हे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. लसिका ग्रंथींचा कर्करोग (लिम्फोमा) आणि गुदद्वाराजवळील ग्रंथींचा कर्करोग यांत गाठीतून पीटीएचसारखा पदार्थ स्रवतो आणि हाडांतून कॅल्शियम बाहेर पडते. याशिवाय अॅड्रिनल ग्रंथीची कमतरता (अॅडिसन आजार), पॅराथायरॉइड ग्रंथीवरील गाठ, मूत्रपिंडाचा जुना आजार आणि ड-३ ची विषबाधा ही कारणे आढळतात.

घरातील औषधांकडे येथे विशेष लक्ष द्यावे. माणसांसाठी मिळणाऱ्या ड-३ च्या एका पुडीत ६०,००० युनिट म्हणजे १.५ मिलिग्रॅम जीवनसत्त्व असते. कुत्र्यात प्रति किलो वजनाला ०.१ मिलिग्रॅमपासून लक्षणे दिसू शकतात आणि ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम धोकादायक वाढू शकते. १० किलोच्या कुत्र्याने चार पुड्या फाडून खाल्ल्या, तर ही मर्यादा ओलांडली जाते. कॅल्शियम वाढायला १२ ते ७२ तास लागतात. त्यामुळे ‘आज तर ठीक आहे’ असे समजून थांबू नये, रिकामी पाकिटे घेऊन लगेच दवाखाना गाठावा. सोरायसिससाठी वापरले जाणारे कॅल्सिपोट्रिऑलचे मलम कुत्र्याने चाटले तरी असाच धोका असतो. काही देशांत उंदीर मारण्याच्या औषधातही ड-३ वापरतात.

तयार खाद्यातही चूक होऊ शकते. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही कोरड्या श्वानखाद्यांत ड जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर असल्याचा इशारा दिला होता. एकाच पोत्यातील खाद्य खाणारे अनेक प्राणी एकदम आजारी पडले, तर खाद्याचा नमुना जपून ठेवावा.

*मांजर:* अनेक मांजरांत पूर्ण तपासणी करूनही कारण सापडत नाही. मूत्रपिंडाचा आजार आणि कर्करोग ही इतर प्रमुख कारणे आहेत.

*घोडा:* घोडा आतड्यातून भरपूर कॅल्शियम शोषतो आणि जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. म्हणून मूत्रपिंड निकामी होऊ लागले की रक्तातील कॅल्शियम वाढते. लसूणघास जास्त असेल तर ही वाढ ठळक होते.

*कोंबड्या:* अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात साधारण ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते. वाढीच्या तलंगांना १ टक्क्याच्या आसपास पुरते. अंड्यावर येण्याच्या बरेच आधी लेयर खाद्य सुरू केल्यास मूत्रपिंडावर ताण येतो, मूतखडे होतात आणि अवयवांवर पांढरा थर जमून (गाऊट) मरतूक होते. वयानुसार खाद्य बदलावे.

निदान कसे करतात?

*पायरी १: माहिती गोळा करणे.* मागील दोन महिन्यांत कोणती इंजेक्शने, टॉनिके, खनिज मिश्रणे दिली, किती दिली, हे लिहून काढावे. रिकाम्या बाटल्या फेकू नयेत. चारा कोठून येतो, कुंपणाला कोणती झाडे आहेत, एकच जनावर आजारी आहे की अनेक, हेही सांगावे. अनेक जनावरे एकाच वेळी खंगत असतील तर चारा, खाद्य किंवा वनस्पतीचा संशय आधी घ्यावा.

*पायरी २: नमुना योग्य घेणे.* चुकीच्या नळीमुळे अहवालच चुकतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे प्रमाण खोटे कमी दिसते. कॅल्शियमसाठी साधी (रक्तजलाची) नळी वापरावी लागते. कुत्र्या-मांजरांचा नमुना शक्यतो उपाशीपोटी घ्यावा. चरबीयुक्त किंवा रक्तपेशी फुटलेल्या नमुन्यात आकडा खोटा जास्त येऊ शकतो. शिरेतून कॅल्शियम दिल्यानंतर काही तासांत घेतलेला नमुना औषधाचेच प्रमाण दाखवतो. म्हणून शक्य असेल तेथे रक्त आधी घ्यावे आणि बाटली नंतर लावावी.

*पायरी ३: खात्री करणे.* एकदा आकडा जास्त आला तर चाचणी पुन्हा करावी. जनावराच्या अंगातील पाणी कमी झाले असेल तर प्रथिने दाट होतात आणि एकूण कॅल्शियम वाढलेले दिसते, मुक्त कॅल्शियम मात्र सामान्य असते. म्हणून मुक्त (आयनयुक्त) कॅल्शियमची चाचणी सर्वांत भरवशाची. या चाचणीच्या नमुन्याला हवा लागू न देता तो लवकर तपासावा लागतो. सुविधा मोठ्या शहरांतील दवाखान्यांत आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारून पाहावी.

*पायरी ४: सोबतच्या चाचण्या.* फॉस्फरस, क्रिएटिनिन, युरिया, प्रथिने, सोडियम, पोटॅशियम आणि लघवीची तपासणी. गरजेनुसार पीटीएच, एक्स-रे, सोनोग्राफी, गाठीतील पेशींची तपासणी.

कुत्र्या-मांजरांत या आकड्यांची सांगड साधारण अशी घालतात.

- कॅल्शियम जास्त, फॉस्फरसही जास्त, पीटीएच कमी: ड जीवनसत्त्वाची विषबाधा.
- कॅल्शियम जास्त, फॉस्फरस कमी किंवा सामान्य, पीटीएच कमी: कर्करोगाचा संशय.
- कॅल्शियम जास्त, फॉस्फरस कमी किंवा सामान्य, पीटीएच जास्त किंवा न घटलेले: पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ.
- एकूण कॅल्शियम जास्त पण मुक्त कॅल्शियम सामान्य किंवा कमी, फॉस्फरस व क्रिएटिनिन जास्त: मूत्रपिंडाचा जुना आजार.
- कॅल्शियम थोडे जास्त, पोटॅशियम जास्त, सोडियम कमी: अॅडिसन आजार.

घोड्यात मूत्रपिंडाच्या आजारात कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस कमी दिसतो. हे कुत्र्याच्या उलट आहे.

*पायरी ५: बांधावरची फेरी.* ड जीवनसत्त्वाची नेहमीची चाचणी (२५-हायड्रॉक्सी) औषधाचा अतिरेक दाखवते. सेस्ट्रम किंवा सोलॅनमच्या पानांतील जीवनसत्त्व आधीच पुढच्या, सक्रिय रूपात असल्याने ही चाचणी सामान्य येऊ शकते. अशा वेळी कागदावर उत्तर सापडत नाही. गोठ्याभोवतीची झाडे, चरण्याची जागा आणि गव्हाणीतील पाला पाहावा लागतो. शंका असलेल्या झाडाची फुला-फळांसह फांदी कृषी महाविद्यालयाच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून ओळख पटवून घ्यावी.

उपचाराबाबत दक्षता

- कारण ठरेपर्यंत कॅल्शियम, ड-३ आणि त्यांचे सर्व टॉनिक थांबवावेत. संशयित चारा, खाद्य बंद करावे. स्वच्छ पाणी भरपूर ठेवावे.
- पशुवैद्यक सलाईन देऊन आधी शरीरातील पाणी भरून काढतात आणि गरज असल्यास त्यानंतर लघवी वाढवणारे औषध देतात. कॅल्शियम आहे म्हणून लघवीचे औषध आपणहून देऊ नये. कोरड्या पडलेल्या जनावराचे मूत्रपिंड त्याने आणखी खराब होते.
- कुत्र्यात निदान होण्याआधी स्टेरॉइड देऊ नये. स्टेरॉइडमुळे कॅल्शियम उतरते, लिम्फोमाच्या गाठीही तात्पुरत्या आकसतात, मालकाला बरे वाटल्याचा भास होतो. नंतर निदान अवघड होते आणि उपचाराला प्रतिसादही कमी मिळतो.
- कुत्र्यात एकूण कॅल्शियम १५ च्या वर असेल तर ती तातडीची वेळ समजावी.
- ड-३ च्या विषबाधेत एकदा कॅल्शियम खाली आले म्हणून उपचार सोडू नये. काही आठवडे फेरतपासणी लागते.

गोठ्यासाठी लक्षात ठेवण्याच्या बाबी

१. शिरेतून कॅल्शियम पशुवैद्यकाकडूनच द्यावे. बाटली अंगाच्या तापमानाइतकी कोमट करून, हृदयाचे ठोके ऐकत, १० ते २० मिनिटांत हळू द्यावी लागते. ठोके बिघडले तर लगेच थांबवावे लागते.

२. व्यायलेली गाय मलूल दिसली तर आधी चारही सड पिळून दूध पाहावे, ताप मोजावा. दुग्धज्वरात अंग बहुधा थंड असते. ताप असेल तर दुसरा आजार शोधावा.

३. आटवलेल्या गायीला लसूणघास आणि कॅल्शियमचे टॉनिक मर्यादित ठेवावे. कडबा, मका किंवा इतर गवतवर्गीय चारा जास्त ठेवावा. कॅल्शियमची पूर्तता व्यायच्या वेळी आणि त्यानंतर करावी.

४. ड-३ चे इंजेक्शन दिल्याची तारीख गोठ्याच्या वहीत लिहावी. डॉक्टर बदलले तरी वही दाखवावी.

५. गोठ्याजवळ, चरण्याच्या वाटेवर ‘दिन का राजा’ लावू नये. असल्यास काढावे, छाटलेल्या फांद्या जनावरांच्या तोंडी लागणार नाहीत अशा पुराव्यात.

६. माणसांची औषधे कुत्र्या-मांजरांच्या तोंडापासून दूर, बंद कपाटात ठेवावीत.

कॅल्शियमची बाटली कपाटात असणे चांगलेच, ती अनेक गायींचा जीव वाचवते. पण ती उघडण्याआधी गायीचा ताप मोजण्यास आणि कास तपासण्यास पाच मिनिटे लागतात. माझ्या डोळ्यांसमोर गेलेल्या त्या गायीच्या बाबतीत तेवढीच पाच मिनिटे कोणी दिली नव्हती.